हिमनद्यांच्या मुलखात कॅम्परव्हॅनने: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला टास्मन समुद्र, दुसऱ्या बाजूला तीन हजार मीटरच्याही वर गेलेली सदर्न आल्प्सची रांग आणि मधे दाट, ओलं, नेच्यांनी भरलेलं जंगल. या जंगलाच्या डोक्यावरून फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या दोन हिमनद्या खाली उतरतात. बर्फ आणि हिरवं रान एका नजरेत दिसावं, अशा जागा जगात फार थोड्या आहेत. हा सगळा मुलूख राज्य महामार्ग सहाने पालथा घालता येतो आणि त्यासाठी कॅम्परव्हॅनसारखं दुसरं वाहन नाही. तिच्यात झोपता येतं, पैसे वाचतात, हे खरंच. पण माझ्या लेखी तिचा मोठा गुण वेगळा आहे: तिच्यात बसून वाट पाहता येते. या प्रदेशात वाट पाहावीच लागते, आणि ती का पाहावी लागते हे कळलं की पुढचं नियोजन सोपं होतं.

आधी पाऊस समजून घ्या

टास्मन समुद्रावरून येणारे ओले पश्चिमी वारे थेट या डोंगररांगेवर आदळतात. फ्रान्झ जोसेफ गावात वर्षाकाठी पाचेक मीटर पाऊस पडतो, वर डोंगरात काही ठिकाणी तो १० मीटरच्याही पुढे जातो. आपल्या महाबळेश्वरचा आकडा साडेपाच-सहा मीटरच्या घरात आहे, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत संपतो. इथे पाऊस बाराही महिने असतो. हाच पाऊस वरच्या रुंद खोलगट भागांत बर्फ होऊन साचतो, दाबला जातो आणि तीव्र उताराच्या अरुंद दऱ्यांतून खाली सरकतो. १९४३ साली फ्रान्झ जोसेफवर एक विमान कोसळलं होतं. त्याचे अवशेष साडेतीन किलोमीटर वाहत हिमनदीच्या तोंडाशी यायला साडेसहा वर्षं लागली, म्हणजे दिवसाला साधारण दीड मीटर. हिमनदीसाठी हा वेग खूप मोठा.

पाऊस नसता तर या हिमनद्याच नसत्या. तेव्हा ‘पाऊस लागला म्हणून सहल वाया गेली’ असं ज्यांना वाटू शकतं, त्यांनी नियोजन करतानाच दोन कोरे दिवस हाताशी ठेवावेत. हॉटेलांच्या बुकिंगनी जखडलेला माणूस ढग पाहून पुढे निघून जातो. व्हॅनवाला चहा टाकतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पडदा सरकवून बघतो.

हाच पाऊस रस्तेही मोडतो. मार्च २०१९ मध्ये जवळच्या क्रॉप नदीच्या खोऱ्यात ४८ तासांत १०८६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल वाहून गेला. अठरा दिवसांत तो पुन्हा उभा राहिला, पण तेवढे दिवस महामार्ग तुटलेलाच होता. त्याच वर्षी दरडींनी फॉक्सच्या तोंडाकडे जाणारा मोटाररस्ता गिळला आणि तो कायमचा बंद झाला. म्हणून परतीचं विमान आणि या किनाऱ्यावरचा शेवटचा मुक्काम यांत किमान दोन-तीन दिवसांचं अंतर असू द्या.

कधी जायचं, किती दिवस

महाराष्ट्रातली घरं बहुतेक दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत निघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथला वसंत, आणि या किनाऱ्यावर तोच सर्वात ओला काळ. फुलं, धबधबे भरपूर. शिखरं मात्र दिवसचे दिवस ढगांत. डिसेंबर-जानेवारीत दिवस मोठे असतात, पण तिथल्या शाळांना सुट्टी असल्याने व्हॅनचं भाडं आणि गर्दी दोन्ही चढलेली असतात. मला विचाराल तर मे महिना घ्या. दिवस लहान होतात, थंडी असते, पण भाडी उतरलेली, चावणाऱ्या माश्या कमी आणि आकाश मोकळं मिळण्याची शक्यता बरी. जून ते ऑगस्ट हा हिवाळा पश्चिम किनाऱ्यावर तुलनेने कोरडा असतो. फक्त आर्थर्स पास, लिंडिस पास या घाटांत तेव्हा बर्फ पडतो आणि चाकांना साखळ्या लावायची वेळ येऊ शकते.

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो. त्याला लागणारा वेळ धरूनच तिकिटं घ्या.

दिवसांचं म्हणाल तर क्राइस्टचर्चहून निघून पुन्हा क्राइस्टचर्चला येणाऱ्या वर्तुळाला दहा-बारा दिवस द्यावेत. नकाशावर हे अंतर सातेक दिवसांचं वाटतं. पण पश्चिम किनाऱ्यावर शंभर किलोमीटरला दीड तास धरून चाला, वर फोटोचे आणि चहाचे थांबे वेगळे.

व्हॅन निवडताना

भाड्याच्या व्हॅन ‘बर्थ’वर मोजतात: दोन, चार, सहा. हा आकडा झोपण्याच्या जागांचा आहे, आरामाचा नाही. चार बर्थच्या व्हॅनमध्ये चार मोठी माणसं पावसात दोन दिवस बसली की काय होतं, हे डोळ्यांसमोर आणा. तिघांनी चार बर्थची घ्यावी. आई-वडील, दोन मुलं आणि आजी असा संसार असेल तर सहाची. बुकिंग करताना तीन गोष्टी स्वतः विचारून घ्या. पहिली, सीटबेल्ट किती आहेत, कारण बर्थ आणि बेल्ट यांचा आकडा नेहमी जुळतोच असं नाही आणि चालत्या गाडीत प्रत्येकाला बेल्ट सक्तीचा आहे. दुसरी, सात वर्षांखालच्या मुलासाठी कायद्याने लागणारं चाइल्ड सीट त्या व्हॅनमध्ये बसतं का. तिसरी, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक.

चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची: व्हॅनला सेल्फ-कंटेन्ड प्रमाणपत्र आहे का? म्हणजे पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, संडास आणि कचऱ्याची सोय आतच आहे, असं प्रमाणपत्र. २०२३ च्या कायद्याने यात संडास गाडीला पक्का बसवलेला असणं बंधनकारक केलं आहे. पलंगाखालून ओढून काढायची सुटी बादली आता चालत नाही. प्रमाणपत्राशिवाय फुकटच्या सार्वजनिक जागी मुक्काम केलात तर शेकडो डॉलरचा दंड बसतो.

भाड्याचा आकडा बघून थांबू नका. बहुतेक व्हॅन डिझेलच्या असतात. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण त्यातला रस्ता-कर तिथे किलोमीटरवर वेगळा लागतो आणि भाड्याची कंपनी तो व्हॅन परत घेताना तुमच्याकडून वसूल करते. दुसरा खर्च विम्याचा. मूळ भाड्यात विमा असतो, पण अपघात झाला तर पहिले काही हजार डॉलर तुमचे. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड अनेकदा चालत नाही. रोजचे जास्त पैसे भरून ही जबाबदारी कमी करता येते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ते भरावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही छपराचं आणि गाडीच्या पोटाचं नुकसान, चुकीचं इंधन, पाण्याच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत पाणी, कच्च्या रस्त्यावरचा अपघात, या गोष्टी बहुधा विम्याबाहेरच राहतात. करारातलं ते पान निघण्याआधी घरी बसून वाचा.

बॅगेत काय, आणि विमानतळावर काय बोलायचं

कडक चौकोनी सुटकेस नकोत. व्हॅनमध्ये त्या ठेवायला जागाच नसते. घडी घालून पलंगाखाली सारता येतील अशा कापडी बॅगा घ्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे चालत नाही, तिथल्या तिरक्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

खाण्याच्या बाबतीत न्यूझीलंडची तपासणी अतिशय कडक आहे. चकली, मेतकूट, लोणचं, मसाल्याची पुडी, जे काही असेल ते प्रवेशाच्या अर्जात ‘आहे’ म्हणून लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर ४०० डॉलरचा दंड जागेवर. मध, ताजी फळं, बिया आणि घरगुती मांस-दुधाचे पदार्थ नेऊच नका. आणखी एक गोष्ट खास सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी: राजगडाची माती लागलेले बूटही जाहीर करावे लागतात. तळव्याच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने घासून, बूट वाळवूनच पिशवीत घाला.

तांदूळ, डाळी, पोहे, मसाले यांची चिंता नको. क्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराणा दुकानं आहेत. घरून एक लहान कुकर मात्र जरूर न्या. दोन बर्नरच्या शेगडीवर खिचडी, वरणभात, पोहे सहज होतात आणि थंडीत बाहेर पाऊस कोसळत असताना गरम खिचडीचं ताट हातात असणं ही या सहलीतली मोठी गोष्ट आहे. मायक्रोवेव्ह असला तरी तो बाहेरची वीज जोडल्यावरच चालतो. शिजवताना खिडकी किंवा छताची झडप उघडी ठेवाच. बंद व्हॅनमध्ये गॅस पेटता ठेवणं जिवावर बेतू शकतं.

ताब्यात घेण्याचा दिवस

भारतातून जाणारा माणूस एक-दोन विमानं बदलून, रात्र डोळ्यांत घेऊन पोचतो. त्याच दिवशी सात मीटर लांबीची गाडी रस्त्यावर काढू नका. एक रात्र शहरात झोपा, सकाळी व्हॅन घ्या.

कंपनीचा माणूस सगळं भराभर समजावून सांगतो. त्याची परवानगी घेऊन पूर्ण माहितीचा व्हिडिओ काढा: गॅसचा मुख्य खटका कुठे, पाण्याचा पंप कसा सुरू होतो, हीटर, सांडपाण्याची झडप, विजेची केबल, संडासाची कॅसेट (म्हणजे मैल्याची सुटी टाकी). मग बाहेरून आणि आतून प्रत्येक ओरखड्याचा फोटो घ्या. छतही सोडू नका. गाडीची उंची आणि लांबी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पंपांच्या आणि दुकानांच्या छपरांखाली जाताना तो कागद कामी येतो.

इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स पर्यटकाला चालतं आणि मोटारीच्या लायसन्सवर या व्हॅन चालवता येतात. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवला तर काउंटरवर प्रश्न उरत नाहीत.

स्टिअरिंगवर

तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे. ही मोठी सोय. पण काही सवयी मुंबई-पुण्यातच ठेवून जायला हव्यात. हॉर्न जवळजवळ वाजवायचाच नाही. ‘स्टॉप’च्या पाटीवर चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रस्ता मोकळा असला तरीही. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुमच्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० आहे, साडेतीन टनांवरच्या गाड्यांना ९०. वळणांच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेला वेग मोटारींसाठी सुचवलेला असतो; व्हॅनने त्याहूनही दहा कमी ठेवावा. मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा दिसताच बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. तिथे सगळे हे करतात आणि जाणारा हात हलवून आभार मानतो.

आता एकपदरी पूल. राज्य महामार्ग सहावर ते जागोजागी येतात आणि नवख्याला सर्वात जास्त धडकी त्यांचीच भरते. नियम पाटीवर असतो. लाल कडेची गोल पाटी दिसली आणि तुमच्या दिशेचा बाण छोटा, लाल असला तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी दिसली आणि तुमचा बाण मोठा, पांढरा असला तर आधी हक्क तुमचा. लाल पाटी दिसल्यावर पुलाच्या तोंडाशी जाऊन थांबू नका. अलीकडे जमिनीवर रेघ असते, तिच्या मागे डावीकडे उभे राहा, म्हणजे पलीकडून येणाऱ्या ट्रकला बाहेर पडून वळायला जागा मिळते. निळी पाटी असली तरी वेग कमी करूनच पुलावर चढा, कारण समोरून येणाराही तुमच्यासारखाच कालच व्हॅन घेतलेला असू शकतो. लांब पुलांवर मधे बाजूला थांबायची जागा केलेली असते. दोन-तीन पूल पार झाले की हात बसतो.

अंधार पडल्यावर चालवू नका. रस्त्याला दिवे नाहीत, रात्री जनावरं बाहेर पडतात, आणि ज्यासाठी गेलात ते काहीच दिसत नाही.

रस्ता: क्राइस्टचर्च ते हास्ट

क्राइस्टचर्चहून राज्य महामार्ग ७३ ने पश्चिमेला निघालं की आधी पोर्टर्स पास (९३९ मीटर) आणि मग आर्थर्स पास (९२० मीटर) लागतो. पलीकडे ओटिराच्या दरीत १९९९ मध्ये खुला झालेला ४४० मीटरचा उड्डाणपूल आहे. उतार तीव्र आहे, खालच्या गिअरमध्येच उतरा. नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापतात. इथल्या वाहनतळांवर केआ नावाचा डोंगरी पोपट येतो. हिरवा, देखणा आणि कमालीचा हुशार. वायपरचं आणि दारांचं रबर तो चोचीने उपटतो. त्याला खायला घालू नका, त्याच्या जिवालाच ते घातक ठरतं. व्हॅन एकटी सोडून लांब जाऊ नका.

पहिला मुक्काम होकिटिका. सुपरमार्केट, डिझेल, गॅस, औषधं सगळं इथे भरून घ्या, पुढे प्रत्येक गोष्ट महाग आणि कमी मिळते. गावापासून ३० किलोमीटरच्या आसपास असलेल्या होकिटिका गॉर्जचं पाणी दुधाळ निळं दिसतं, कारण हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ त्यात तरंगत असतं. जोराचा पाऊस झाल्यावर मात्र ते करडं होतं.

होकिटिका ते फ्रान्झ जोसेफ सुमारे १३५ किलोमीटर. वाटेत ओकारिटोला आत वळा. खाडी, लाटा, आणि आकाश मोकळं असेल तर समोर अख्खी बर्फाची रांग. गावापूर्वीचा मापोरिका तलावही थांबण्यासारखा आहे, त्याच्या काठी सरकारी संवर्धन खात्याचा कॅम्प आहे.

फ्रान्झ जोसेफ. माओरी लोकांत या हिमनदीची कथा आहे: हिने हुकातेरे हिचा प्रियकर हिमकडा कोसळून गेला आणि तिच्या आसवांचा बर्फ झाला. ‘फ्रान्झ जोसेफ’ हे नाव १८६५ मध्ये यूलियस फॉन हास्ट या भूशास्त्रज्ञाने ऑस्ट्रियाच्या सम्राटावरून दिलं. पूर्वी दरीतून चालत जाऊन बर्फावर पाय ठेवता येत असे. हिमनदी वेगाने मागे हटल्याने २०१२ पासून बर्फावर जायचं ते हेलिकॉप्टरनेच. दरीतल्या पायवाटेवरून बर्फ लांबून दिसतो. जुने फोटो बघून गेलेल्यांचा विरस होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. पण दरीच्या कड्यांवर कितीतरी उंचीपर्यंत घासल्याच्या रेषा दिसतात. एके काळी बर्फ तिथवर होता. त्या रेषांकडे थोडा वेळ शांत बघा, हवामान बदलतंय म्हणजे काय ते तिथे मोजता येतं.

हेलिकॉप्टरचं बुकिंग मुक्कामाच्या पहिल्याच सकाळचं घ्या. ढगांमुळे ते रद्द होणं ही रोजची गोष्ट आहे. पहिल्या दिवसाचं रद्द झालं तर दुसरा, तिसरा दिवस हातात राहतो. खर्च माणशी शेकडो डॉलर आहे, तरी एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर यावर घाला.

दोर, पाट्या, कुंपणं ओलांडायची नाहीत. जानेवारी २००९ मध्ये फॉक्सच्या तोंडाशी कुंपण ओलांडून गेलेले मेलबर्नचे दोन तरुण भाऊ बर्फ कोसळून गेले. वाइहोच्या पात्रातही उतरू नका, पाणी पाहता पाहता वाढतं.

फ्रान्झहून फॉक्स पंचवीसेक किलोमीटर, पण सगळी चढ-उतार-वळणं; पाऊण तास धरा. फॉक्सची हिमनदी आता दक्षिणेकडच्या चालण्याच्या वाटेवरून दिसते. आणि फॉक्सला मुक्काम करायचाच, तो मॅथेसन तलावासाठी. जंगलातल्या पालापाचोळ्याने याचं पाणी गडद तपकिरी झालेलं आहे, म्हणून त्यात आओराकी म्हणजेच माउंट कुक (३,७२४ मीटर) आणि टास्मन शिखर जसंच्या तसं उमटतं. वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं, आणि वारा बहुधा सूर्य चढल्यावर सुटतो. म्हणून उजाडायच्या आत वाहनतळावर पोचा, टॉर्च घ्या. पूर्ण फेरी दीड तासाची, वाट सपाट. पहिला टप्पा आजी-आजोबांनाही जमतो. गिलेस्पीज बीचचा कॅम्प सुंदर आहे, पण शेवटचा रस्ता कच्चा, अरुंद आणि आंधळ्या वळणांचा. मोठ्या व्हॅनने तो टाळलेला बरा, आणि करारात कच्च्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय तेही बघा.

फॉक्स सोडण्यापूर्वी टाकी भरा. पुढे हास्टपर्यंत सुमारे १२० किलोमीटर पंप नाही आणि मोबाइलची रेंजही बहुतेक वाटेवर नसते. नकाशे आधीच उतरवून ठेवा, हवामान खात्याचा अंदाज आणि रस्ते खात्याच्या संकेतस्थळावरची महामार्गाची स्थिती सकाळीच पाहून निघा. अडचणीसाठीचा नंबर १११.

रात्र कुठे काढायची

तीन पर्याय. हॉलिडे पार्कात वीज, गरम पाण्याचे शॉवर, स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रं आणि डंप स्टेशन (संडासाची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) असतं. संवर्धन खात्याचे कॅम्प स्वस्त, निसर्गात, पण सोयी जेमतेम; बऱ्याच ठिकाणी फक्त संडास आणि पाणी. तिसरा पर्याय फुकटच्या परवानगीच्या जागांचा. नियम गावोगाव वेगळे असतात, म्हणून कॅम्परमेटसारख्या ॲपवर जागा बघा आणि तिथली पाटी वाचल्याशिवाय झोपू नका. नवख्यांनी दोन रात्री बाहेर, तिसरी हॉलिडे पार्कात असा क्रम ठेवावा. तेवढ्यात पाणी संपतं, टाक्या भरतात, कपडे ओले होतात आणि व्हॅनच्या आतल्या दिव्यांची बॅटरी उतरत आलेली असते.

पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाची बारीक काळी माशी चावते आणि खाज दिवसचे दिवस राहते. ती रात्री चावत नाही. संध्याकाळी दारं-खिडक्या लवकर बंद करा, पायांवर औषध लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. रात्री झोपताना मात्र जाळीची खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर श्वासांच्या वाफेने सकाळी पांघरुणं दमट होतात.

संडासाची कॅसेट

याबद्दल कुणी उघड बोलत नाही आणि काळजी सगळ्यांना असते, म्हणून सविस्तर सांगते. संडासाखाली सुटकेसच्या आकाराची एक बंद टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती व्हॅनच्या बाहेरच्या बाजूने लहान दार उघडून ओढून काढायची. आधी आत जाऊन संडासाची झडप बंद आहे ना ते बघा. ती उघडी असेल तर कॅसेट निघत नाही. हातमोजे घाला. डंप स्टेशनवर कॅसेटची नळी फिरवून बाहेर काढा, टोपण उघडा आणि हवेचं बटण दाबून धरत सावकाश ओता. बटण दाबलं की हवा आत जाते आणि उडत नाही. मग तिथल्या नळाने दोनदा खळबळून तेही ओता, थोडं पाणी आणि मापाचं औषध टाकून परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. सांडपाण्याचा पाइप वेगळा, तोही तिथेच त्या जाळीत सोडायचा. रस्त्याकडेला सोडणं हा गुन्हाच समजा. तिथला कॅसेट धुवायचा नळ पिण्याच्या टाकीला कधीही लावू नका. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं.

दोन दिवसांनी एकदा कॅसेट रिकामी करायची. घरातल्या एकाच माणसावर हे काम ढकलू नका, पाळी लावा.

हास्टच्या पुढे

हास्ट आणि पारिंगा यांना जोडणारा रस्ता १९६५ मध्ये पुरा झाला, तोवर हा किनारा दक्षिणेकडून तुटलेलाच होता. हास्टच्या अलीकडेच लागणाऱ्या नाइट्स पॉइंटला त्याचं स्मारक आहे, तिथून समुद्र छान दिसतो. हास्ट पास फक्त ५६४ मीटरचा, पण दरडींचा. पावसात रस्ता बंद झाला तर हास्टलाच थांबा. घाट ओलांडला की जंगल संपून कोरडी सोनेरी कुरणं सुरू होतात. वारा, ढग सगळे मागे राहतात. वानाका, मग लिंडिस पास (९७१ मीटर) करून आओराकी माउंट कुकच्या गावी या. इथे व्हाइट हॉर्स हिलचा सरकारी कॅम्प डोंगरांच्या अगदी पायथ्याशी आहे. जवळच टास्मन हिमनदीचं तळं: पायऱ्या चढून वर गेलं की राखाडी पाण्यात हिमखंड तरंगताना दिसतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तळं नव्हतंच, तिथे बर्फच होता. ज्यांना पश्चिम बाजूला ढगांनी काहीच दाखवलं नाही, त्यांना पूर्वेकडे बहुतेक वेळा मोकळं आकाश मिळतं. मी वर्तुळ याच दिशेने सुचवते ते त्यासाठी.

क्राइस्टचर्च इथून सुमारे ३३० किलोमीटर. आदल्या रात्री शहराजवळच्या हॉलिडे पार्कात मुक्काम करा. सकाळी कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करा, भांडी घासून जागच्या जागी लावा, केर काढा, नाहीतर कंपनी साफसफाईचे वेगळे पैसे लावते. डिझेल शेवटच्या पंपावर भरून पावती जवळ ठेवा. किलोमीटरच्या आकड्याचा आणि व्हॅनच्या चारही बाजूंचा फोटो काउंटरवर जाण्याआधी काढा. आणि कार्डावर अडकवलेली रक्कम सुटल्याचं लेखी घेतल्याशिवाय विमानतळाची बस पकडू नका.